संघाची जीप गप्प केली तेव्हा

दुष्काळात गाडीची गादी कोण शिवून घेतं, असं मला पुण्याच्या एका रेक्झिनच्या व्यापाऱ्यानं विचारलं होतं. त्याला बीड माहीत नव्हतं. पाऊस लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला की आमच्या जिल्ह्यात पुष्कळांचे धंदे बसतात आणि मोजक्यांचे उठतात. ज्यांच्याकडे टँकर, ज्यांच्याकडे जनावरांच्या छावण्या, ज्यांच्याकडे चाऱ्याचे डेपो, त्यांच्या गाड्या त्याच वर्षी जास्त फिरतात आणि त्याच वर्षी त्यांना गाडीतली गादी टोचायला लागते. माझं दुकान बार्शी नाक्याजवळ होतं. दुष्काळावर मीही जेवलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी कुणाला नावं ठेवली तर मला त्यातून वेगळं काढू नका.

आमचे अब्बा टांग्यांच्या गाद्या आणि हूड शिवायचे. टांगे गेले तसा मी मोटारींकडे वळलो. अब्बांकडून मला दोन गोष्टी मिळाल्या, एक दाभण आणि एक जीभ. दाभण चांगला होता. जिभेचं असं, की समोरच्याचं नेमकं कुठं दुखतंय ते मला चटकन दिसायचं, आणि दिसलं की तिथं बोट लावल्याशिवाय राहवायचं नाही. गिऱ्हाइकं खूप हसायची. ज्याला बोट लागलं तो सोडून.

त्या एप्रिलात शेजारच्या तालुक्यातल्या सहकारी खरेदी-विक्री संघाचे मॅनेजर आपली जीप घेऊन दुकानी आले. संघाच्या तीन छावण्या चालू होत्या आणि चेअरमनसाहेब रोज भर उन्हात त्या बघत हिंडत. जीप बंद पत्र्याची, इंजिन डिझेलचं. बारा वर्षं वापरून तिचा प्रत्येक स्क्रू बोलायला शिकला होता. साहेबांना अर्धशिशी. वरून पत्रा तापायचा, खालून इंजिन भाजायचं, आणि शेजारच्याशी दोन शब्द बोलायचे तर नरडं फुटेस्तोवर ओरडावं लागायचं. संध्याकाळी घरी पोचले की ते डोक्याला फडकं बांधून पडायचे. मॅनेजर म्हणाले, साहेबांना ऊन नको आणि आवाज नको, काय लावायचं ते तुम्ही ठरवा, पण बोर्डापुढं नमुने ठेवावे लागतील.

ऊन आणि आवाज ही दोन वेगळी दुखणी आहेत, हे गिऱ्हाइकाला समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. उन्हाला हलकी, पोकळ वस्तू अडवते. छताच्या पत्र्याखाली थर्माकोल चिकटवा, वरून कापड मारा, डोकं भाजायचं थांबतं. पण आवाजाला थर्माकोल म्हणजे चाळणी. आवाजाला जड लागतं. पत्र्यावर आधी डांबराची शीट बसवायची, म्हणजे पत्रा थरथरायचा बंद होतो. त्यावर नमदा, जाड दाबलेल्या लोकरीचा, जो उरलेला आवाज पिऊन टाकतो आणि ऊनही अडवतो. काथ्या स्वस्त, पण त्याचा भुसा पडतो आणि शिंका येतात. फोम पहिले सहा महिने छान, मग त्याचं पीठ होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्यामधला पत्रा. क्लच-ब्रेकच्या दांड्या त्यातून जिथं आत येतात, तिथली भोकं बुजवली नाहीत तर वर मखमल लावली तरी फुकट.

सहकारात तीन कोटेशनांशिवाय खिळासुद्धा ठोकत नाहीत. तिन्ही कोटेशनं मीच लिहिली. त्यातली दोन दुसऱ्यांच्या दुकानांच्या कागदावर, जरा वाईट अक्षरात.

मापं घ्यायला जीप दोन दिवस माझ्याकडे ठेवली, सोबत ड्रायव्हर. पन्नाशीला आलेला, धारूरकडच्या डोंगरातल्या एका वाडीचा माणूस. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. मामा गाडीला हात लावू द्यायला नाखूश होते. मी सीट काढली की ते सीट पुसायचे, मी चटई उचलली की चटई झटकायचे. विचारलं त्याला उत्तर द्यायचे नाहीत, नुसतं हसून मान हलवायचे. मला वाटलं, संघाचा माणूस आहे, गुर्मी असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जीपच्या छतावरून हातोडा खाली टाकला. तो त्यांच्या मागं हातभर अंतरावर फरशीवर आदळला. रस्त्यावरचं कुत्रं उठून पळालं. मामा आरसा पुसत होते, ते पुसतच राहिले. मी खाली उतरलो, त्यांच्या पाठीमागं उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, मामा, तुमच्या पायापाशी विंचू आहे. ते हलले नाहीत. मग मी आणखी दोन-चार गोष्टी म्हणालो. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. शेजारचा पंक्चरवाला हसून हसून टायरवर बसला. मामांनी त्याला हसताना पाहिलं, वळून मला पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला हाताला धरून जीपच्या पलीकडं नेलं आणि बोलायला लागले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती ते कळत नाही, त्यामुळं ते गुपित सांगत होते आणि निम्म्या नाक्याला ऐकू जात होतं. बारा वर्षं इंजिनाशेजारी बसून दोन्ही कान गेले होते. संघात कुणाला माहीत नव्हतं. गाडीबाहेर ते साहेबांच्या हाताकडं बघून काम भागवत, आणि गाडीत अडचणच यायची नाही.

"जीपीत समदेच वरडत्यात," मामा म्हणाले. "वरडलेलं मला येतंय ऐकू. गाडी गप झाली की लोक हळू बोलनार. मंग मला काय बी कळनार न्हाई, अन् साहेब एक दिस बी ठिवनार न्हाईत."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, मग मी काय करू?

"ऊन आडवा, मिस्तरी. आवाज ऱ्हाऊ द्या."

नोकरी गेली तर काय, हे मी विचारलं नव्हतं. तेही त्यांनी सांगितलं. त्यांच्या वाडीला दसऱ्यानंतर म्हातारी माणसं तेवढी उरायची, बाकीची सगळी ऊस तोडायला जायची. लग्नानंतर नऊ हंगाम मामा आणि मामी दोघं गेले होते. आमच्याकडं मुकादम एकट्या माणसाला घेत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, गडी तोडणार आणि बाई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार. नवव्या हंगामात मामी मोळीसकट शिडीवरून पडल्या. तेव्हापासून त्या वाकून चालत. त्याच वर्षी मामांना ही नोकरी लागली आणि कोयता आढ्याला खोचला गेला. आता वाडीतली विहीरही आटली होती, शेतात काही नव्हतं. पगार थांबला तर दसऱ्याला मुकादमाकडं जाणं आलं, आणि मुकादम मामींशिवाय मामांना घेणार नव्हता.

त्यांचं मागणं अवघड नव्हतं. थर्माकोल लावा म्हणत होते, एवढंच. थर्माकोल हा काही गुन्हा नाही, निम्म्या जिल्ह्याच्या गाड्यांना तोच असतो. काम स्वस्त झालं असतं, साहेबांचं डोकं निदान उन्हानं दुखायचं थांबलं असतं, आणि आवाजाबद्दल मी सांगितलं असतं की साहेब, डिझेल आहे, ते बोलणारच. त्यांनी ऐकून घेतलं असतं. या धंद्यात मी जे म्हणेन ते खरं होतं.

मी मामांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो, बघतो.

आमच्या भागात बघतो म्हणजे नाही. पुढारी बघतो म्हणतात, साहेब लोक बघतो म्हणतात, मुलीचं स्थळ नाकारायचं असलं तरी बघतो म्हणतात. मामांनाही हे माहीत असणार. पण ज्याला दुसरा दरवाजाच नाही तो भिंतीलाही दरवाजा समजतो. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

आठ दिवसांनी संघाच्या बोर्डाची बैठक झाली. चारा संपत आला होता, टँकरच्या खेपा कमी पडत होत्या, त्यावर काय ठरलं ते मला माहीत नाही, कारण मला जेवणानंतर बोलावलं. संचालक सुपारी चघळत बसले होते. मी फळीवर चिकटवलेले नमुने फिरवले. एकानं नमदा नाकाला लावून बघितला आणि मेंढीचा वास येतो म्हणाला. दुसऱ्यानं थर्माकोलचा तुकडा उचलला. हे स्वच्छ दिसतं, वजनाला काही नाही, गणपतीच्या मखराला आपण हेच लावतो, हेच घ्या म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मामा दाराशी उभे होते. त्यांनी तो पांढरा तुकडा संचालकाच्या हातात पाहिला, डोलणाऱ्या माना पाहिल्या, आणि माझ्याकडं बघून हळूच हात जोडले. तेवढ्यात मॅनेजरनी त्यांना खुणेनं चहा आणायला पाठवलं.

मी तिथं गप्प बसलो असतो तर झालं होतं. काम ठरलंच होतं. पण थर्माकोल निवडला गेला याचा मला राग आला. वीस वर्षांची कारागिरी आणि हे मला मखर शिकवतात! मी पिशवीतून दोन बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढले, एकाला आतून थर्माकोल लावलेला, दुसऱ्याला डांबर आणि नमदा. गजराचं घड्याळ थर्माकोलच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. गजर जसाच्या तसा बाहेर आला. मग तेच घड्याळ नमद्याच्या डब्यात ठेवलं. संचालकांना वाटलं, गजर बंद पडला. चेअरमनसाहेब उठून आले, डब्याला कान लावला आणि लहान मुलासारखे खूश झाले. पाच मिनिटांत ठराव झाला. मामा चहा घेऊन आले तेव्हा मी डबे पिशवीत भरत होतो.

हे डबे मी मामांशी बोलणं झाल्यावर तयार केले होते, आधी नाही. स्वतःला मी सांगितलं की कारागिरानं हात खोटा करू नये, अब्बा हेच सांगायचे. पण खरं कारण दुसरं होतं. त्या बैठकीत बसलेल्या नऊ जणांपैकी सहा जणांकडे गाड्या होत्या.

काम मी सहा दिवस केलं. तेवढ्या दिवसांत मामांना संघानं टँकरवर घातलं होतं, त्यामुळं मी काय लावतोय ते त्यांनी पाहिलं नाही. इतकं नीट काम मी त्याआधी केलं नव्हतं आणि पुढंही केलं नाही. पत्रा घासून उघडा केला. डांबराची शीट उन्हात ठेवून मऊ केली, तळव्यानं दाबत दाबत कोपऱ्याकोपऱ्यात बसवली, एक बुडबुडा राहू दिला नाही. नंतर पत्रा बोटानं वाजवला तर तो घंटेसारखा वाजायच्याऐवजी ठप्प करायचा. दारांच्या पोटात हात घालून आतून शीट लावली, हाताचं कातडं सोलवटलं. पेडलच्या दांड्यांना चामड्याच्या झिरमिळ्या नव्हे, चांगल्या दुहेरी पिशव्या शिवल्या. गिअरच्या झाकणाखाली नमद्याचे तीन थर. वरून सगळीकडं बदामी रेक्झिन. आत बसून दार ओढलं की बाहेरचा नाका कुणीतरी उचलून न्यावा तसं व्हायचं. मी नुसताच आत जाऊन बसायचो. मामांची आठवण यायची, नाही असं नाही. पण ती फार वेळ टिकायची नाही.

सातव्या दिवशी सकाळी अकरा वाजता साहेब चाचणीला आले. बीडहून मांजरसुंब्यापर्यंत जायचं, ढाब्यावर चहा घ्यायचा आणि परत यायचं असं ठरलं. मामा गाडी न्यायला आले. त्यांनी छताला बोटानं दाबून बघितलं, रेक्झिनवर हात फिरवला. आत काय आहे ते वरून कळणं शक्य नव्हतं, आणि कानानं तर नाहीच. ते माझ्याकडं बघून हसले. साहेब म्हणाले, आज मागं बसून बघू. मागं साहेब, मॅनेजर आणि मी. पुढं मामा एकटेच.

गावाबाहेर पडल्यावर साहेबांनी डोळे मिटले. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन होतं आणि आत आम्ही माणसासारखे बोलू शकत होतो. साहेब हळू आवाजात म्हणाले, मिस्तरी, तुम्ही माझं डोकं वाचवलं. मग तशाच हळू आवाजात पुढं म्हणाले, पुढच्या टपरीवर थांब रे, पान घेऊ.

टपरी आली आणि गेली. साहेबांनी पुन्हा सांगितलं. मामा घाटाकडं बघत नीट गाडी चालवत होते. मॅनेजर त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढं वाकले, तसा साहेबांनी त्यांचा हात धरला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तुमच्या त्या मेंढीच्या लोकरीत काही बिघडलं का, मागचं पुढं ऐकू येत नाही का, असं त्यांनी विचारलं.

माझ्या कामावर बोट आलं होतं. मी एका क्षणाचाही विचार केला नाही.

"साहेब, गाडीचा दोष न्हाई," मी म्हणालो. "मामांना पहिल्यापासूनच ऐकू येत न्हाई."

साहेबांनी एकदा मामांच्या कानांकडं पाहिलं. मग त्यांना हसू आलं. बारा वर्षं बहिऱ्याच्या हातात जीव देऊन फिरलो म्हणाले, आणि हसतच राहिले. त्या बारा वर्षांत मामांनी गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, हे आमच्यापैकी कुणीच म्हणालं नाही. मॅनेजरना साहेब हसतात म्हटल्यावर जोर चढला. ते मामांच्या पाठीकडं बघून, पाहुण्याला जेवायला बोलवावं तशा गोड आवाजात म्हणाले, मामा, उद्यापासून येऊ नका बरं का. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मॅनेजरची मांडी थोपटली. मग खेळच सुरू झाला. साहेब एक बोलायचे, मॅनेजर एक बोलायचे. नवा ड्रायव्हर कोण घ्यायचा तेही तिथंच, मामांच्या मानेमागं दोन हातांवर, ठरलं. मॅनेजरचा मेहुणा. मामांनी आरशात आम्हाला हसताना पाहिलं आणि तेही हसले. ते हसले की आम्हाला आणखी हसू यायचं.

घाट संपता संपता साहेब माझ्याकडं वळले. मिस्तरी, तुम्ही पण बोला काहीतरी, तुमच्या जिभेबद्दल फार ऐकून आहे म्हणाले.

मला खरोखर आनंद झाला. चेअरमन मला बाजूला बसवून घेतायत, माझी जीभ बीडच्या बाहेर पोचलीय, याचा आनंद. समोरच्याचं कुठं दुखतंय ते मला ठाऊक होतं, कारण त्यानंच मला हाताला धरून दाखवलं होतं.

"मामा," मी म्हणालो, "मामीला सांगा, आढ्यावरचा कोयता काढून धार लावा."

साहेबांना आढ्याचं आणि मामींचं काही माहीत नव्हतं, पण कोयता कळला. ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आरशात मामांची नजर माझ्यावर होती. मी आपल्याशी काहीतरी बोललो एवढं त्यांना दिसलं असावं. त्यांनी मान हलवली आणि मोठ्यानं म्हणाले, "जी, मिस्तरी."

चहाच्या वेळी साहेबांनी स्वतःच्या घरच्या गाडीचं आणि दोन संचालकांच्या गाड्यांचं काम मला दिलं. मामा जीपच्या सावलीत उभं राहून चहा प्यायले. परतीच्या वाटेवर खेळ शिळा झाला होता, साहेब झोपले. बीडला त्यांना आणि मॅनेजरना साहेबांच्या तिथल्या बंगल्यावर सोडलं. उतरताना मॅनेजर मला म्हणाले, सोमवारी सकाळी ऑफिसात पत्र हातात देतो, आज कशाला. मग मामांच्या तोंडासमोर जाऊन ओरडले, मिस्तरींना दुकानावर सोड आणि जीप लावून दे.

बार्शी नाक्यावर मामांनी गाडी थांबवली, स्वतः उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं. मी उतरलो. ते जवळ आले, आजूबाजूला पाहिलं आणि त्यांच्या समजुतीप्रमाणं हळू आवाजात विचारलं.

"ऱ्हायला ना आवाज, मिस्तरी? मला तर पायाला तसेच हादरे लागतेत. पर कान न्हाईत म्हनून इचारतो."

 उत्तराची वाट न बघता तेच पुढं बोलत राहिले. साहेब इतके हसलेले त्यांनी बारा वर्षांत पाहिले नव्हते. सगळी वाट त्यांचा जीव मुठीत होता, आता मागून कुणीतरी बोलेल आणि आपण सापडू म्हणून. पण कुणी रागावलं नाही, उलट सगळे खुशीत होते. तेव्हाच त्यांना समजलं की मिस्तरींनी शब्द पाळला.

त्या वेळी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. नोकरी वाचली नसती. पण ते तडक बंगल्यावर जाऊन साहेबांचे पाय धरू शकले असते, किंवा दोन शिव्या देऊन जीप तिथंच सोडू शकले असते, किंवा निदान माझ्या थोबाडीत देऊ शकले असते. त्यातलं काहीतरी एक त्यांच्या हाती राहिलं असतं. मला त्यातल्या शेवटच्या गोष्टीची भीती वाटली. मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि ओरडलो, "ऱ्हायलाय."

मामांनी दोन्ही हातांनी माझा हात कपाळाला लावला. आज शनिवार आहे, जीप लावून मिळेल त्या गाडीनं वाडीला जातो म्हणाले, आणि मामींना काय सांगणार तेही म्हणाले. यंदा बी जायाचं न्हाई म्हनून सांगतो तिला, निवांत झोप म्हनतो. हे ते इतक्या मोठ्यानं सांगत होते की पंक्चरवाला हातातलं काम टाकून बाहेर आला, आणि काय चांगलं झालं म्हणून मला विचारायला लागला.